दवाखान्याच्या जिन्यावरून परतणाऱ्या माणसाने दाताचे इम्प्लांट करून घ्यावे का?

अंत्रुजवासी

सप्रेम नमस्कार. माझे वय ५२ असून मी फोंडा तालुक्यात राहतो. खालच्या जबड्यातील उजवीकडची एक दाढ मी एकोणिसाव्या वर्षीच गमावली, आणि डावीकडच्या शेवटच्या दोन दाढा गेल्या वर्षी श्रावणात काढाव्या लागल्या. आता भाकरीचा तुकडासुद्धा पुढच्या दातांनी कुरतडून खावा लागतो. डॉक्टरांनी डाव्या बाजूला दोन इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू, सुचवले असून उजव्या बाजूचे नंतर पाहू, असे सांगितले आहे. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, पण गोळ्यांनी आटोक्यात आहेत. अडचण आहे ती माझ्या भीतीची.

या भीतीचे मूळ मला नेमके ठाऊक आहे. एकोणिसाव्या वर्षी जबडा सुजून तोंड दोन बोटेही उघडत नसताना घरच्यांनी मला त्याच दिवशी दवाखान्यात नेले. इंजेक्शन दिले तरी दाढ बधिर झाली नाही. मी हात वर केला, तेव्हा ‘एवढा मोठा झालास आणि रडतोस काय’ असे म्हणून कंपाउंडरने तो हात खाली दाबून धरला. खुर्चीच्या हातावरचे रेक्झिन फाटलेले होते, आणि त्यातला पिवळा स्पंज मी दुसऱ्या हाताच्या नखांनी उकरीत होतो. दाढ निघाली तेव्हा माझ्या मुठीत त्या स्पंजचा गोळा होता. आजही घरी शागुतीचा मसाला भाजताना लवंगेचा वास सुटला, की मी उठून अंगणात जातो. त्या खोलीत तोच वास होता.

गेल्या वर्षी चार रात्री झोप न मिळाल्यामुळेच मी दाढा काढायला तयार झालो. दुखले नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र इंजेक्शन दिल्यावर मिनिटभरात छाती धडधडू लागली, अंगाला घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि माझी शुद्ध गेली. डॉक्टरांनी खुर्ची आडवी करून पाय वर उचलल्यावर मी सावध झालो. तेव्हापासून, हे इंजेक्शन मला सोसत नाही, अशी माझी समजूत झाली आहे. त्यानंतर इम्प्लांटसाठी मी तीनदा वेळ घेतली. पहिल्यांदा जिन्यावरून परतलो, दुसऱ्यांदा बाहेरच्या बाकावर बसून आतल्या यंत्राचा आवाज ऐकला आणि निघून आलो, आणि तिसऱ्यांदा पणजीच्या बसस्थानकावर कदंबमधून उतरलो तो समोर उभ्या असलेल्या फोंड्याच्या गाडीतच चढलो.

हाडात स्क्रू बसवताना प्रत्यक्षात काय जाणवते, मधेच पुन्हा शुद्ध गेली तर काय करतात, आणि झोपवून हे काम करून घेता येते का, एवढे मला अनुभवी माणसांकडून समजून घ्यायचे आहे. ‘घाबरू नका, काही होत नाही’ हे वाक्य मी पुष्कळ ऐकले आहे, तेवढे कृपया लिहू नये.

मांडवीकाठ

आपला प्रश्न वाचून मला माझी गोष्ट आठवली. मी निवृत्त शिक्षिका आहे. वरच्या जबड्यातील एका उपदाढेचे इम्प्लांट मी दोन वर्षांपूर्वी करून घेतले, आणि त्याआधी सहा वर्षे ते टाळत होते. पहिल्या ठिकाणी मी भीतीचा विषय काढला, तेव्हा डॉक्टर हसले आणि ‘बाई, मुले तुम्हाला घाबरत असतील’ असे म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नसावा, पण मी तेथे परत गेले नाही. दुसऱ्या ठिकाणी पहिल्या भेटीत कोणी माझ्या तोंडात आरसासुद्धा घातला नाही. टेबलापाशी साध्या खुर्चीवर बसून वीस मिनिटे बोलणे झाले, आणि मी डावा हात उचलला की काम थांबेल, असे तेव्हाच ठरले. प्रत्यक्ष कामाच्या वेळी मी दोनदा हात उचलला. पहिल्यांदा तर काही होत नव्हते, ते खरोखर थांबतात का, एवढेच मला पाहायचे होते. ते थांबले, आणि त्यानंतरचे काम मला सोपे गेले.

प्रत्यक्ष काय जाणवले ते सांगते. हिरडीला आधी जेल लावून दोन-तीन मिनिटे थांबले, त्यामुळे सुई टोचलेली फारशी कळली नाही. औषध आत जाताना मात्र जागा ताणल्यासारखी वाटली. हाडात भोक पाडणाऱ्या यंत्राचा आवाज मी मनात धरून गेले होते तसा नव्हता. शिवणयंत्र अगदी हळू चालवावे तशी घरघर होती. वेदना नव्हती, पण डोक्याच्या कवटीपर्यंत पोचणारे कंपन आणि दाब होता. इम्प्लांट पिळून बसवताना, सुतार लाकडात स्क्रू घट्ट करतो तेव्हा त्या लाकडाला काय वाटत असेल, असा एक वेडगळ विचार माझ्या मनात आला.

मला त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टींचा, आणि त्यांची कल्पना कोणीच दिली नव्हती. हाड तापू नये म्हणून सलाइनचे पाणी सतत सोडतात. ते घशाशी साचले की गुदमरल्यासारखे होते. मदतनिसाने नळी नीट धरली की प्रश्न मिटतो, पण ते आपण आधी सांगून ठेवले पाहिजे. दुसरे म्हणजे चेहऱ्यावर टाकलेले हिरवे कापड. त्याला फक्त तोंडापुरते भोक असते, आणि डोळे झाकले गेल्यावर मी पार बावरून गेले. मी विनंती केल्यावर त्यांनी ते नाकाखाली ओढून घेतले आणि डोळ्यांना चष्मा दिला. तोंड उघडे ठेवून जबडा अवघडतो, तो दुसऱ्या दिवशीही दुखत होता. सगळे काम सुमारे चाळीस मिनिटांत झाले.

पहिले दोन दिवस निवलेली पेज, मऊ भात आणि कोमट तिजाण (नाचणीची पेज) यांवर काढले. सूज तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त होती, त्यामुळे काहीतरी बिघडले असे वाटून मी डॉक्टरांना फोन केला. दोन-तीन दिवस सूज वाढून मग उतरते, असे त्यांनी सांगितले आणि तसेच झाले. त्यानंतर साडेचार महिने थांबल्यावर वरचा दात बसला. सकाळच्या ताज्या पोईचा (गोव्याच्या पावाचा) कडक काठ त्या बाजूने चावला, तेव्हा मी पंधरा वर्षांनी तो आवाज कानात ऐकला.

एक विषयांतर करते. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे, आणि माझ्या दवाखान्याची वाट त्याच्यासमोरून जाते. १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेल्या या गृहस्थांनी पॅरिसमध्ये असे प्रतिपादन केले, की संमोहनाची शक्ती समोरच्या माणसाच्या हातात नसते, ती ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनात असते. माझे डॉक्टर कामभर हळू आवाजात पुढे काय करणार ते सांगत होते. ते संमोहन नव्हते, पण त्या बोलण्याचा उपयोग मला गोळीपेक्षा अधिक झाला.

दंतसेवक

मी डिचोली भागात गेली अनेक वर्षे दंतवैद्य म्हणून काम करतो. आपल्या पत्रातील दोन घटनांचा उलगडा आधी करतो, कारण आपली भीती त्या दोन घटनांवर उभी आहे.

एकोणिसाव्या वर्षी आपली दाढ बधिर झाली नाही, याला कारण होते. सूज आणि पू असलेल्या जागी ऊतींची आम्लता वाढते, आणि भुलीचे औषध अशा आम्ल जागी मज्जातंतूच्या आत पुरेसे शिरत नाही. म्हणजे औषध दिले होते, पण त्या दिवशी ते चालणार नव्हते. शक्य असेल तेथे आधी संसर्ग आटोक्यात आणून मग दाढ काढली जाते. हात उचलल्यावर तो दाबून धरणे ही तर सरळ चूक होती, तिचे समर्थन मी करणार नाही. इम्प्लांट मात्र भरून आलेल्या, निरोगी हाडात बसवतात, त्यामुळे तेथे भूल पूर्ण चढते. गेल्या वर्षी आपल्याला दुखले नाही, हे आपणच लिहिले आहे.

दुसरी घटना छातीच्या धडधडीची. आपल्याकडे साधारणपणे वापरले जाणारे भुलीचे औषध म्हणजे दोन टक्के लिग्नोकेन असते आणि त्यात भूल अधिक वेळ टिकावी व रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ॲड्रेनलिन मिसळलेले असते. भ्यालेल्या माणसाच्या शरीरात तेच द्रव्य आधीच उसळत असते. त्यात ही भर पडली की छाती काही मिनिटे धडधडते. घाम, अंधारी आणि शुद्ध हरपणे हे बहुधा भीतीने नाडी आणि रक्तदाब एकाएकी उतरल्यामुळे झाले असावे. खुर्ची आडवी करून पाय वर घेतल्यावर आपण लगेच सावध झालात, यावरून तसेच वाटते. ही ॲलर्जी असण्याची शक्यता फार कमी आहे. तरीही हा प्रसंग नव्या डॉक्टरांना जसाच्या तसा सांगा. रक्तदाब असल्यामुळे ॲड्रेनलिनचे प्रमाण कमी असलेले किंवा ते नसलेले औषध निवडायचे का, हे ते ठरवतील. सुरुवातीपासून आडवे झोपूनच काम करून घ्या. शुद्ध जाणाऱ्यांसाठी आणखी एक साधा उपाय आहे, तो स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मांडला: हात, पाय आणि पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, मग सैल सोडायचे, आणि असे पाच वेळा करायचे. त्यामुळे रक्तदाब खाली जात नाही. घरी आठवडाभर सराव करा.

बाकावर बसून आपण ऐकलेला आवाज बहुधा एअरोटरचा असावा. दात घासणारे ते यंत्र मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेते. इम्प्लांटसाठी हाडात भोक पाडणारे यंत्र साधारणपणे हजाराच्या आसपास फेऱ्यांवरच चालवतात, कारण हाड मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसवर तापले तरी त्यातील पेशी मरू लागतात आणि मग इम्प्लांट धरत नाही. मांडवीकाठ यांनी लिहिलेले सलाइनचे पाणी त्यासाठीच असते. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनचे संशोधक ब्रॅनेमार्क यांनी सशांच्या हाडांवर प्रयोग करताना पाहिले, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. ते त्या रुग्णाला चाळीस वर्षे पुरले. खालच्या जबड्यात हाड धरायला साधारण तीन महिने लागतात, वरच्या जबड्यातील हाड मऊ असल्याने तेथे अधिक वेळ लागतो.

आता झोपवण्याविषयी. पूर्ण भूल देण्याची गरज इतक्या कामाला सहसा पडत नाही. एक मार्ग नायट्रस ऑक्साइड वायूचा. तो नाकावरच्या मास्कमधून देतात, माणूस जागा राहतो पण निवांत होतो, आणि शेवटी पाच मिनिटे ऑक्सिजन दिला की परिणाम ओसरतो. दुसरा मार्ग शिरेतून मिडॅझोलॅम हे गुंगीचे औषध देण्याचा. त्यात माणूस बोलल्यास उत्तर देतो, पण नंतर त्याला फारसे आठवत नाही. यासाठी भूलतज्ज्ञ हजर असला पाहिजे, बोटाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावलेले असले पाहिजे, पोट रिकामे हवे, सोबत माणूस हवा, आणि पुढचे चोवीस तास वाहन चालवायचे नाही. आपल्याला मधुमेह असल्यामुळे उपाशी राहण्याच्या दिवशी गोळ्या कशा घ्यायच्या, हे आधी विचारून ठेवावे लागेल. ही सोय प्रत्येक खासगी दवाखान्यात नसते, म्हणून वेळ घेतानाच विचारा. बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहे. तेथे जाऊन एकदा तपासून मत घेणेही आपल्याला सोयीचे पडेल. धीर यावा म्हणून काजू फेणीचा पेला घेऊन येणारे रुग्ण मी पाहिले आहेत. मद्यावर गुंगीचे औषध देता येत नाही, आणि त्यांना तसेच परत पाठवावे लागते.

स्कॅनशिवाय काम सुरू करू देऊ नका. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी मज्जातंतूची नळी जाते, आणि इम्प्लांटचे टोक तिच्यापासून किमान दोन मिलिमीटर दूर राहावे लागते; ते अंतर सी. बी. सी. टी. म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये नीट मोजता येते. दात गेल्यावर तेथील हाड पहिल्या वर्षातच सर्वाधिक झिजते, म्हणून डाव्या बाजूचा निर्णय आणखी एक-दोन वर्षे लांबवू नये असे माझे मत आहे. उजव्या बाजूची जागा तेहतीस वर्षे रिकामी आहे. शेजारची दाढ पुढे कलली असेल, वरची दाढ खाली उतरली असेल, आणि कदाचित तेथे इम्प्लांटला जागाच उरली नसेल. मधुमेहासाठी एच. बी. ए. १ सी. ची, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी, ताजी तपासणी न्या. हाडांच्या ठिसूळपणासाठी ॲलेन्ड्रोनेटसारखी गोळी किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा, पण कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तंबाखू असेल तर ती मात्र सोडावी लागेल.

सत्तरीचा पाऊस

मी उलट बाजू मांडतो. शस्त्रक्रिया नको म्हणून मी इम्प्लांटऐवजी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर आधारलेला दातांचा पूल, करून घेतला, आणि भीतीपोटी घेतलेला तो निर्णय माझ्यावरच उलटला. ब्रिजसाठी शेजारचे दोन चांगले दात चारही बाजूंनी घासावे लागतात, आणि ज्या आवाजाला मी घाबरत होतो तोच आवाज मला दोन बैठकींत मिळून तासभर ऐकावा लागला. दात उत्तम बसले आहेत, तक्रार नाही. पण आधी कोणी हे सांगितले असते तर मी वेगळा विचार केला असता. काढता येणारी कवळी मात्र खरोखर बिनसुईची असते. माझ्या आईने ती वापरली. तिला शीत-कढी चालायची, तिसऱ्या चालायच्या नाहीत.

दंतसेवक

सत्तरीचा पाऊस यांचे निरीक्षण अचूक आहे. प्रश्नकर्त्यांच्या बाबतीत तर डावीकडच्या शेवटच्या दोन्ही दाढा गेल्या आहेत, म्हणजे त्या पुलाला पलीकडचा काठच नाही. तेथे इम्प्लांट किंवा काढता येणारी कवळी, एवढेच पर्याय आहेत. कवळी घेण्यात कमीपणा काही नाही. भीतीमुळे काहीच न करण्यापेक्षा ती शतपटीने बरी.

अंत्रुजवासी

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काही घडल्याशिवाय लिहायचे नाही असे मी ठरवले होते.

तोंडाने सांगायला जमणार नाही हे माहीत असल्यामुळे मी हीच हकिगत एका कागदावर लिहिली आणि पत्नीसह दवाखान्यात जाऊन तो कागद डॉक्टरांच्या हाती दिला. त्या बाईंनी तो दोनदा वाचला, ‘हात दाबून धरला’ या शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि कागद माझ्या केसपेपरला टाचणीने लावला. त्या दिवशी तपासणी केली नाही. दुसऱ्या भेटीत स्कॅन झाला; त्यात उभे राहून हनुवटी टेकवायची असते, तोंडात काही घालत नाहीत, हे मला आधी माहीत असते तर मी तेवढ्यासाठी दोन रात्री जागलो नसतो. डावीकडे हाड पुरेसे आहे. उजवीकडे दंतसेवक म्हणाले तसेच निघाले, मागची दाढ इतकी कलली आहे की तेथे काही करू नये, असे त्यांचे मत पडले, आणि मला ते ऐकून बरे वाटले.

शिरेतून औषध घेण्याचा विचार मी सोडला आहे. हात उचलल्यावर थांबण्याचे त्यांनी कबूल केले आहे, ते मला पुरे वाटते. चेहऱ्यावरचे कापड आणि पाण्याची नळी या दोन्ही गोष्टी मी सांगून ठेवल्या. चवथ आणि विसर्जन आटोपल्यावरच्या सोमवारची तारीख मिळाली आहे. स्नायू आवळण्याचा सराव रोज संध्याकाळी करतो, पत्नी घड्याळ धरून बसते. एकच शंका उरली आहे: लवंगेचा तो वास आला तर मी पुन्हा जिना उतरेन असे वाटते. त्याला काही उपाय आहे का?

दंतसेवक

लवंगतेलातील युजेनॉल दात भरण्याच्या काही मिश्रणांत वापरतात. इम्प्लांटच्या कामात त्याची गरज नसते. आपण फोन करून सकाळची पहिलीच वेळ मागून घ्या. तोवर कोणाचा दात भरलेला नसतो, यंत्रही सुरू झालेले नसते, आणि बाकावर बसून वाट पाहावी लागत नाही. गुंगीचे औषध घेणार नसल्यामुळे उपाशी जाऊ नका. पोटभर न्याहारी करून, रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन जा, कारण रिकाम्या पोटी शुद्ध जाण्याचा संभव वाढतो. टाके सात ते दहा दिवसांनी काढतात, त्या दिवशी सुई लागत नाही.